‘एबीपी’ म्हणजे कोण, आणि ‘स्टार’ गेलं कुठे?

तुम्ही विचारलंत म्हणून. ‘मराठी बातम्यांच्या चॅनेलचा मालक कोलकात्याचा कसा?’ हा प्रश्न एबीपी माझाबद्दल वरचेवर येतो. पाठोपाठ दुसरा येतो, ‘स्टारनं ते विकून टाकलं ना?’ पण ते कधी पुरतं स्टारचं नव्हतंच. स्टारचं होतं ते नाव, आणि थोडासा हिस्सा.

मार्च 2003 मध्ये केंद्र सरकारनं नियम केला : भारतातून अपलिंक होणाऱ्या, म्हणजे इथून उपग्रहाकडे सिग्नल पाठवणाऱ्या वृत्तवाहिनीत परदेशी भांडवल 26 टक्क्यांवर जाता कामा नये. नेमका तेव्हाच स्टार न्यूजचा एनडीटीव्हीशी असलेला करार संपत होता, आणि बातम्या आता परदेशी मालकीच्या स्टारला स्वतः द्यायच्या होत्या. मग भारतीय भागीदार शोधणं आलं. ‘आनंदबाजार पत्रिका’ हे कोलकात्याचं बंगाली दैनिक 1922 पासूनचं. त्याच्या समूहाकडे, म्हणजेच एबीपीकडे, 74 टक्के गेले, स्टारकडे 26 राहिले. कंपनीचं नाव लांबलचक, मीडिया कंटेंट अँड कम्युनिकेशन्स सर्व्हिसेस. सगळे एमसीसीएस म्हणायचे. हिंदी स्टार न्यूज, 2005 चं बंगाली स्टार आनंद आणि जून 2007 मध्ये सुरू झालेलं स्टार माझा, तिन्ही याच कंपनीची. म्हणजे कोपऱ्यात तारा चमकत होता तेव्हाही माझाची मालकी मुख्यतः कोलकात्याकडेच होती.

घोटाळा वाढवला तो स्टार प्रवाहनं. ते नोव्हेंबर 2008 मध्ये आलं. तेही स्टार, हेही स्टार. पण प्रवाह मनोरंजनाचं, म्हणून त्याला 26 टक्क्यांची अट नव्हती. एकाच शब्दामागे दोन वेगळे मालक, आणि प्रेक्षकाला ते कळायला काही मार्गच नाही.

एप्रिल 2012 मध्ये स्टारनं नाव काढून घेत असल्याचं जाहीर केलं, आणि 1 जूनपासून पडद्यावर एबीपी माझा दिसू लागलं. स्टुडिओ तोच, चेहरे तेच. ‘माझा’ ठेवलं हे शहाणपणाचं झालं; लोकांच्या तोंडी तोच शब्द बसला होता. पुढे 2015 मध्ये वृत्तवाहिन्यांसाठीची मर्यादा 49 टक्के झाली. स्टार तोवर थांबलं असतं तरी बहुमत मिळालंच नसतं.

एखाद्या चॅनेलचा मालक तुम्हालाच शोधायचा असेल, तर लोगोपासून सुरुवात करू नका. माहिती व प्रसारण मंत्रालय परवानगी दिलेल्या उपग्रह वाहिन्यांची यादी देतं. त्यात चॅनेलच्या नावासमोर परवानगीधारक कंपनी असते. ते नाव जसंच्या तसं, स्पेलिंगसकट उतरवून घ्या, कारण एकाच समूहात एका शब्दाच्या फरकानं चार-चार कंपन्या असतात. मग कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर तिचा सीआयएन, म्हणजे 21 अक्षर-आकड्यांचा कंपनी ओळख क्रमांक बघा. पहिलं अक्षर ‘एल’ असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे, आणि भागधारणेचा तक्ता दर तिमाहीला एक्स्चेंजवर फुकट मिळतो. ‘यू’ असेल तर नोंदलेली नाही. मग 100 रुपये भरून वार्षिक विवरणपत्र उघडायचं आणि भागधारकांची यादी वाचायची. त्यात माणसांऐवजी दुसरी कंपनी निघाली, की तिचा सीआयएन घेऊन पुन्हा पहिल्यापासून. दोन-तीन पायऱ्या उतरल्याशिवाय तळ सहसा लागत नाही.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे संचालकांची यादी वाचून मालक ठरवणं. संचालक पगारी असू शकतो, त्याच्या नावावर एकही शेअर नसतो. दुसरी चूक, जोडनावातल्या पहिल्या शब्दाला मालक समजणं. 2008 चं आयबीएन लोकमत, म्हणजे आजचं न्यूज18 लोकमत, ही आयबीएन आणि लोकमत या दोन समूहांची निम्मी-निम्मी भागीदारी म्हणून सुरू झाली. तिथे नावातले दोन्ही शब्द खरे होते. स्टार माझामधला ‘स्टार’ मात्र जेमतेम एक चतुर्थांश खरा होता.