तुम्ही विचारलंत म्हणून: रिव्हॉल्व्हरला लेसर ग्रिप, म्हणजे समोर ठिपका पाडणारा लेसर असलेली मूठ, बसवली की नेम सुधारतो का?

अमेरिकेत आधी ग्रीन कार्ड येतं, मग एखाद्याकडे खिशात मावणारं रिव्हॉल्व्हर, आणि मग हमखास हा प्रश्न. नाही, सुधारत नाही. नेम किती वाईट आहे, तेवढं मात्र दिसायला लागतं.

पूर्वी मीच 'बसवा' म्हणत असे, आणि तेही अगदीच चूक नव्हतं. स्मिथ अँड वेसनचं ६४२ घ्या: पाच गोळ्या, दोन इंचांहून थोडी आखूड नळी, नेम धरायला नळीच्या टोकावर माशी आणि मागे फ्रेमवर नुसती खोबण. काळोखात यातलं काहीच दिसत नाही. तिथे लाल ठिपका उपयोगी पडतो, हे आजही मान्य.

पण भर दुपारी, सात यार्डांवर कागद लावून बघा. हात वर येतो, मधलं बोट ट्रिगर गार्डखालचं बटण दाबतं आणि ठिपका दिसतच नाही. लाल लेसर उन्हात विरतो. आता माणूस काय करतो? माशीकडे बघायचं सोडून कागदावर ठिपका शोधतो. मनगट डावीकडे, उजवीकडे. दोन सेकंद गेले. ठिपका सापडला तर तो थरथरतोय. तो नेमका मधोमध येईपर्यंत थांबायचं आणि आला की चाप झटकन ओढायचा. गोळी खाली डावीकडे. दोष ठिपक्याचा नाही, तो आधीही थरथरतच होता. फक्त दिसत नव्हता. हिरवा लेसर घ्या म्हणाल, तर तो डोळ्याला जास्त दिसतो हे खरं, पण बॅटरी लवकर खातो.

'झीरो करून दिलंय', म्हणजे ठिपका आणि गोळी आधीच जुळवून दिलीय, यावर विसंबू नका. ग्रिपवरचा लेसर नळीच्या उजवीकडे आणि खाली असतो. समजा, उजवीकडे दोन सेंटिमीटर. सात यार्डांवर जुळवलात, तर साडेतीन यार्डांवर गोळी ठिपक्याच्या एक सेंटिमीटर डावीकडे लागेल, चौदावर दोन सेंटिमीटर उजवीकडे. एवढ्यानं बिघडत नाही. बिघडतं ते गोळी बदलल्यावर. अशा न हलणाऱ्या माश्या बहुधा १५८ ग्रेन (गोळीचं वजन मोजायचं माप) वजनाच्या गोळीला जुळवलेल्या असतात. ११० ग्रेनची खाली लागते. म्हणून माशीवर ठिपका टेकवून थांबू नका. जी गोळी बाळगता त्याच पाच गोळ्या टेकू घेऊन झाडा, मग अ‍ॅलन कीनं लेसरचा स्क्रू अगदी किंचित फिरवा.

आणखी एक. उजव्या हाताची तर्जनी फ्रेमवर उंच सरळ ठेवलीत, की किरण बोटावरच अडतो. बोट चापावर गेलं की ठिपका उमटतो. लोकांना वाटतं, लेसर बिघडला.

क्रिमसन ट्रेस या कंपनीच्या एलजी-४०५ ग्रिपची रबरी पाठ धक्का झेलते, पण खिशाच्या अस्तराला धरून बसते. जुनी १०५ कडक प्लास्टिकची. सुळकन निघते आणि पन्नास गोळ्यांत तळहात सोलवटून काढते. दोन्हींत कॉइन सेल, सीआर २०३२, दोन. लेसरच्या काचेवर खिशातला कापूस साचतो. स्पिरिटचा बोळा फिरवावा.

'मग काढून टाकू?' नका. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, सिलिंडर उघडून दोनदा बघा, पलीकडे कोणी नाही अशा पक्क्या भिंतीवर ठिपका धरा आणि चाप हळू ओढा. तो नेमका कधी हलतो, ते बघा.