मूठ न वळणाऱ्या हातासाठी

सेफ्टी रेझरचा दांडा म्हणजे लेथवरचं (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावरचं) छोटं काम. जाडी १०-१२ मि.मी., वरच्या टोकाला पितळी आटा, की झालं. पण सावंतवाडीतल्या माझ्या कारखान्यात एक वयस्कर नाभिक काका आले आणि त्या एका दांड्यात माझा अख्खा दिवस गेला. संधिवाताने बोटं वाकडी झालेली. आयुष्यभर लोकांच्या गालांवरून वस्तरा फिरवलेला हा माणूस, पण धातूचा बारीक दांडा आता त्यांच्या हातून निसटत होता. "मूठ वळणा नाय रे," म्हणाले, "पण माझी दाढी मीच करतलंय."

मी त्यांच्या हातात शाडूचा गोळा दिला. रेझर धरतात तसा धरायला लावला. ठसा चपटा निघाला, एका बाजूने ३० मि.मी., दुसऱ्या बाजूने २२. आणि लेथवर तर गोल वस्तू होते!

मग शिसवीच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांवर मध्याची खूण केली आणि तिच्या दोन्ही बाजूंना ५-५ मि.मी. अंतरावर आणखी दोन. आधी एका बाजूच्या खुणांवर लाकूड लेथमध्ये अडकवून कातायचं, मग दुसऱ्या बाजूच्या. लाकूड असं आडकेंद्री फिरलं की थरथरतं, म्हणून वेग अगदी कमी. पटाशी अर्धा फेरा लाकडाला लागते, अर्धा हवेत जाते. टकटक आवाज येत राहतो आणि मनगट जराही सैल सोडता येत नाही. दोन गोल एकमेकांना छेदून चपटा आकार तयार होताना पाहणं मला या धंद्यातलं सगळ्यात मोठं सुख वाटतं. मधल्या कडा कानस आणि पॉलिशपेपरने मोडल्या. शेवटी मध्यावर येऊन मान गोल केली, भोक पाडलं, आटा एपॉक्सीने बसवला.

आमच्याकडे हात आपोआप लाखेकडे जातो. खेळण्यांना ती शोभते, पण दाढीच्या साबणातल्या अल्कलीने लाख सुटते आणि गरम पाण्याने पांढरट पडते. म्हणून पॉलियुरेथेनचे पातळ हात दिले, तेही मॅट, आणि बोटं टेकतात तिथे उथळ खाचा.

ते सुकल्यावर काका पुन्हा आले. नळाखाली हात भिजवून, साबण चोळून, बिनपात्याचा रेझर गालावरून फिरवून पाहिला. नजर पूर्ण कारागिराची! हनुवटीखाली जाताच थांबले. "दांडो आखूड कर. हय अडकता."

सेंटीमीटरभर कापला.