तुम्ही विचारलंत म्हणून: सेवा सोडावीशी नाही वाटली?

परवा सेमिनरीतून, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेतून, नुकताच बाहेर पडलेला एक मुलगा भेटायला आला होता. चहा झाल्यावर त्याने तेच विचारलं, जे लग्नकार्यात आणि बसस्टँडवरही लोक मला विचारतात: "पाळकसाहेब, कोरोनाच्या त्या दोन वर्षांत सेवा, म्हणजे हे चर्चचं काम, सोडून द्यावीशी नाही वाटली?" मी घाईघाईत "प्रभूने सांभाळलं" म्हणून मोकळा झालो. ते खोटं नव्हतं, पण उत्तरही नव्हतं. म्हणून आता नीट सांगतो.

वाटली होती. नुसती वाटली नाही, मी मेव्हण्याशी बोलूनही ठेवलं होतं. त्याचं श्रीरामपूरला हार्डवेअरचं दुकान आहे. "सोमवारपासून ये," म्हणाला, "हिशोब तरी चोख ठेवशील." ही गोष्ट एप्रिल २०२१ ची.

आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. पाळकाचा पगार वर्गणीतून आणि रविवारच्या दानातून निघतो. चर्चला कुलूप म्हणजे दानाची थैली बंद. आदल्या वर्षी पिकाच्या उपकारस्तुतीचा लिलावसुद्धा झाला नव्हता. एरवी त्या रविवारी बाजरीचं पोतं, गावठी कोंबडा, दुधी भोपळा अशा सगळ्यावर चढाओढीने बोली लागते आणि माणसं आपलाच भोपळा दुपटीने विकत घेऊन खुशीत घरी जातात. पाच महिने अर्धा पगार, मग तोही नाही. वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, तर उत्तर आलं की मंडळीनेच बघावं. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला होता, हे अशा वेळी हमखास कुणीतरी ऐकवतं. ऐकवणाऱ्याचा स्वतःचा पगार सहसा चालू असतो.

पण पैशाने मी मोडलो नाही. मोडलो तो आमच्या खजिनदारांच्या मातीला.

सात वर्षं आमचं पटलं नव्हतं. कनाती, खुर्च्या, माझं प्रवासभाडं, प्रत्येक गोष्टीवर त्यांचा आक्षेप. दुसऱ्या लाटेत ते चार दिवसांत गेले. रात्री अकराला जेसीबीने खड्डा काढलेला, घरचा फक्त एक मुलगा, तोही लांब उभा. मी पीपीई किटमध्ये. चष्म्यावर वाफ धरली, पुस्तकातलं अक्षर दिसेना आणि हात आत घालून काच पुसायची सोय नाही. जन्मभर म्हटलेला दफनविधी पाठ असेल असं वाटलं होतं. "मातीला माती" म्हणालो आणि पुढचं आठवेचना. बॅटरी धरून उभा असलेला पालिकेचा माणूस हळूच म्हणाला, "राहू द्या साहेब. आठवतं तेवढंच म्हणा." त्याला आमच्या विधीतलं काय ठाऊक असणार! पण त्याच्या सांगण्यावरून मी आठवलं तेवढं म्हणालो. घरी आलो, आंघोळ केली आणि मेव्हण्याला फोन लावला.

मग गेलो का नाही? कारण त्याच आठवड्यात एक लग्न होतं.

यात मोठेपणा काही नाही. लग्नाची नोटीस मी लावलेली, बंद चर्चच्या दाराला. लग्न लावायचा परवाना माझ्या नावावर, रजिस्टर माझ्या कपाटात. आमची लग्नं अजून १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने लागतात, सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेत. त्यात सरकारचा नवा नियम आला होता: पंचवीस माणसं आणि दोन तास. शेजारच्या तालुक्यातले पाळक स्वतःच ऑक्सिजनवर होते. मी नाही म्हणालो असतो, तर त्या पोरांनी जायचं कुठे? मेव्हण्याला म्हटलं, या सोमवारी नाही, पुढच्या सोमवारी येतो.

पंचवीस माणसांवरून दोन्हीकडे जी भांडणं झाली ती काय सांगू! फोटोग्राफर धरायचा की नाही इथपासून सुरुवात. नवरीची मावशी शेवटी कंपाउंडच्या भिंतीपलीकडे स्टुलावर उभी राहून रडली. विधी मात्र पुस्तक बघून, चष्मा पुसून, नीट झाला.

रात्री रजिस्टर भरायला बसलो, तेव्हा आजी आठवली. आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, निराधार बायामुलींच्या आश्रमात, वाढली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणलं, ते छापलं मुक्तीच्याच छापखान्यात. तिथे आजी छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायची. बोटं काळी व्हायची आणि उलटी अक्षरं वाचायची इतकी सवय लागली, की म्हातारपणीही ती आरशातला छापील मजकूर सहज वाचून दाखवायची. २४ जुलै १९२१ ला रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. बाई साठी ओलांडलेल्या, कानांनी जवळजवळ बहिऱ्या. त्यानंतरही भाषांतराचं, मुद्रितं तपासण्याचं काम चालू राहिलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. उपदेशात मी हे "केवढा तो विश्वास" म्हणून किती वेळा सांगितलं असेल. त्या रात्री पहिल्यांदा असं वाटलं, की छापखान्यात माझ्या आजीसारख्या मुली पुढच्या पानाची वाट बघत बसलेल्या असतील. पान द्यायला तर हवं.

विश्वास नव्हता असं नाही म्हणत. पण त्या दिवसांत तो मला माझ्या आत फारसा सापडत नव्हता. सापडत होता तो डायरीत. गुरुवारी दोन घरी भेटी, शनिवारी एका आजारी बाईला घरी जाऊन प्रभुभोजनाचा विधी, तिच्या जावयाचं पंचायतीतलं काम. पुढचा सोमवार असाच गेला, त्याच्या पुढचाही.

७ ऑक्टोबर २०२१ ला राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. आमची पहिली उपासना १० तारखेच्या रविवारी. जळमटं काढायला बायका शनिवारपासूनच आल्या होत्या. दान गोळा झालं आणि थैली मोजायला न्यायची वेळ आली तेव्हा सगळे खजिनदारांच्या खुर्चीकडे बघायला लागले. त्यांचा मुलगा उठला, मोजून आला आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: "कनातीचं भाडं अजून बाकी आहे, साहेब."

मेव्हणा नाताळला येतो तेव्हा अजून विचारतो, "सोमवारपासून येतोस ना?" त्याने दुकानात आता कॉम्प्युटर घेतला आहे.