ओल्या फडक्याची रेघ

सिलिंडर संपत आल्याची शंका आली की तो हलवून पाहायचा आणि तरीही मनाचे समाधान झाले नाही, तर त्यावरून ओले फडके फिरवायचे, हा आपल्या घरांतला जुना उपाय आहे. वरचा पत्रा पाहता पाहता सुकतो, खालचा ओलसरच राहतो. द्रवाला लागून असलेला पत्रा लवकर तापत नसल्यामुळे त्या दोहोंमधली रेघ आतल्या द्रवाची पातळी दाखवते.

दाबमापक लावून मात्र हे कळले नसते. आत एकच शुद्ध पदार्थ असता, तर तापमान स्थिर असेतोवर द्रवाचा शेवटचा थेंब उरेपर्यंत दाब तसूभरही हलला नसता, मग १४.२ किलोचा सिलिंडर नुकता आलेला असो वा तळाला गेलेला. मला यातली खरी गंमत पुढे वाटते. आत मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते. पहिला उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, दुसरा शून्याच्या किंचित खाली. राउल्टच्या नियमानुसार प्रत्येक घटक द्रवातील आपल्या वाट्याच्या प्रमाणात दाब देतो, आणि लवकर उकळणाऱ्या प्रोपेनचा मूळ दाबच जास्त असल्यामुळे वाफेत प्रोपेनचा वाटा द्रवातल्यापेक्षा नेहमीच मोठा राहतो, शेगडीत तोच आधी जास्त जळतो, आणि सिलिंडर उतरत जातो तसा मागे ब्यूटेन उरून दाब हळूहळू घटतो. त्यात थंडी असली की तो आणखी खाली येतो. मंगल कार्यालयात भट्टीला जोडलेल्या सिलिंडरच्या खालच्या भागावर दव धरते, तेही उगाच नव्हे: द्रवाला वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता तो स्वतःतून आणि पत्र्यातून ओढून घेतो.

हल्ली शहरांत नळाने येणाऱ्या गॅसची गोष्ट निराळी. तो मुख्यतः मिथेन असतो, आणि उणे ८२ अंशांच्या वर मिथेनवर कितीही दाब दिला तरी त्याचा द्रव होत नाही. प्रत्येक वायूला अशी एक मर्यादा असते, हे बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ साली कार्बन डायऑक्साइडवरच्या प्रयोगांतून मांडले. त्याची मर्यादा सुमारे ३१ अंश. प्रोपेनची जवळपास ९७ असल्यामुळे तो उन्हाळ्यातही मुकाट्याने द्रवरूपात राहतो. मिथेन जहाजातून आणायचा, तर उणे १६२ अंशांपर्यंत गार करावा लागतो. नळ घेतलेल्या घरांतली बाई आता फडके फिरवत नाही, मीटरचे आकडे वाचते.