उपाशीपोटीच घेते, मॅडम

टीएसएच ११.२. अंगात थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की रक्तातला हा आकडा चढतो. रिपोर्टवरचं नाव मी पुन्हा वाचलं. तीच पेशंट होती, गरोदरपणाचा बाविसावा आठवडा चालू असलेली. महिन्यापूर्वी ९.६ आला म्हणून मीच थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडची, गोळी ७५ वरून १०० मायक्रोग्रॅम केली होती. डोस वाढला आणि आकडाही वाढला!

गरोदरपणात डोस वाढवावा लागणं यात नवल काही नाही. आधीपासून गोळी चालू असेल तर गरज साधारण २५ ते ५० टक्क्यांनी वाढते. हिचीही वाढली होती. आठव्या आठवड्यात ५.८ होता, मी ५० ची गोळी ७५ ची केली आणि तेराव्या आठवड्यात २.४ आला. मी निर्धास्त झाले.

"गोळी उपाशीपोटी घेतेस ना?"

"हो मॅडम, उपाशीपोटीच."

दर भेटीला हाच प्रश्न, हेच उत्तर. लॅबला फोन करून नमुना परत लावायला सांगितला. अकराच. मग जरा चिडूनच म्हटलं, गोळ्या दाखव बघू.

तिच्या सासूबाईंनी पिशवीतून स्टीलची डबी काढली. पाकिटं फोडून, बाटली ओतून सगळ्या गोळ्या एकत्र. थायरॉइडची बारीक पांढरी, सरकारी लाल लोहाची, कॅल्शियमची जाडी.

"पहाटं धारा काढायच्या आधी तिन्ही देते. लोखंडाच्या गोळीनं मळमळतं, म्हणून वर कपभर दूध. एकदाचं मोकळं!"

खोटं कोणीच बोललं नव्हतं. पोट रिकामंच होतं. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यात धरून ठेवतात, अंगी लागूच देत नाहीत. वर दुधातल्या कॅल्शियमची भर. म्हणून या गोळ्यांमध्ये किमान चार तासांचं अंतर हवं. लोह-कॅल्शियम सुरू झालं चौदाव्या आठवड्यात, आणि तेराव्याचा रिपोर्ट चांगला होता. दोन्ही गोष्टी माझ्याच अक्षरात एका पानावर होत्या. अठराव्या आठवड्यालाच हे दिसायला हवं होतं. बाळाची थायरॉइड ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते खरी, पण निम्मे दिवस सरेपर्यंत त्याची भिस्त बरीचशी आईच्या हार्मोनवर असते. घरी जाताना तेच डोक्यात होतं.

वेळापत्रक सासूबाईंनीच ठरवलं, त्यांचा दिवस मला काय माहीत! पहाटे उठल्याबरोबर पाण्यासोबत थायरॉइडची गोळी, धारा होईपर्यंत चहासुद्धा नाही. दुपारच्या जेवणासोबत एक कॅल्शियम, रात्री दुसरं. लाल गोळी संध्याकाळी, दूध-चहा लांब ठेवून. डबी रिकामी केली. थायरॉइडच्या गोळ्या बाटलीतच राहू द्या, उजेड आणि दमट हवा त्यांना सोसत नाही, हेही सांगितलं. डोस परत ७५ केला आणि चार आठवडे थांबायचं ठरलं, कारण टीएसएच सावकाश हलतो.

सव्विसाव्या आठवड्यात २.१.

तो कागद हातात घेऊन सासूबाई खुर्चीतून उठेनात. मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, मलाबी थायरॉइड हाय. सहा वर्षं झाली. गुडघ्याची कॅल्शियमची गोळी मी तिच्यासंगंच घेते."

मी तपासणीची दुसरी चिठ्ठी लिहायला घेतली.