रेडवूडमधला गाड्या बंद असलेला रस्ता आणि सायकल न घेणारी बस

मे महिन्याचा पहिला शनिवार चुकला की थेट ऑक्टोबर. हे आधीच सांगते, कारण पुढचा सगळा मनस्ताप या एका तारखेपायी झाला.

कॅलिफोर्नियाच्या अगदी उत्तरेला, समुद्राला लागून, प्रेअरी क्रीक रेडवूड्स स्टेट पार्क आहे, म्हणजे रेडवूड या उंचच उंच झाडांचं राज्य उद्यान. त्यातून न्यूटन बी. ड्रूरी सीनिक पार्कवे नावाचा साधारण १० मैलांचा डांबरी रस्ता जातो. ऑक्टोबर ते मे या काळात दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो गाड्यांसाठी बंद ठेवतात. त्या दिवशी फक्त चालणारे आणि सायकलवाले. पूर्वी हायवे १०१ याच झाडांमधून जायचा. नव्वदच्या दशकात बाहेरून बायपास झाला आणि आतला रस्ता निवांत झाला. पण तिकडचा पावसाळा नेमका ऑक्टोबर ते एप्रिल. म्हणून मेचा शनिवार सगळ्यात चांगला: पाऊस ओसरलेला, दिवस मोठा.

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातली आमची मराठी मंडळी पहिला प्रश्न हाच विचारतात, "गाडीवर रॅक लावून सरळ का नाही गेलात?" कारण मला आणि माझ्या मैत्रिणीला सायकलवर सामान लादून टूर करायची होती आणि टूर करणाऱ्याला तिथे एक मोठी सोय मिळते. उद्यानाच्या एल्क प्रेअरी कॅम्पग्राउंडवर "हाइक अँड बाइक" जागा राखून ठेवलेल्या आहेत. बिनगाडीचा माणूस आला की त्याला तिथे तंबू टाकता येतो. आधी बुकिंग नाही, येईल त्याला जागा, आणि माणशी भाडंही अगदी थोडं. गाडीवाल्यांच्या जागांचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि चांगले शनिवार-रविवार लगेच संपतात. म्हणजे गाडी नसणं हाच तिथला परवाना. किनाऱ्यावरच्या बऱ्याच स्टेट पार्कांत अशा जागा आहेत, हे लक्षात ठेवा.

तर बेत असा होता: बुधवारी बसने अर्काटा गाठायचं, गुरुवारी सू-मेग स्टेट पार्कला मुक्काम, शुक्रवारी एल्क प्रेअरी, शनिवारी पार्कवे. अर्काटा सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला साडेचारशे किलोमीटरवर आहे, बसला जवळजवळ दिवस लागतो. तिकीट काढताना मी फोन करून विचारलं होतं. "सायकल चालेल ना?" "हो, बसला रॅक असतो, लावा आणि बसा."

बुधवारी बस आली, तिला रॅकच नव्हता. नेहमीची बस दुरुस्तीला गेली होती, बदली बस पाठवली होती. ड्रायव्हर खाली उतरला, सायकलींकडे बघितलं आणि म्हणाला, "खालच्या डिकीत टाकायच्या तर खोक्यात पॅक केलेल्या हव्यात. उघडी सायकल मी घेऊ शकत नाही." त्याचा नियम त्याच्यापुरता बरोबर होता. डिकीत इतरांच्या बॅगा असतात, उघड्या सायकलची चेन आणि पेडल त्यांना लागणार. माझा राग त्याच्यावर नाही. माझा राग त्या ऑफिसवर आहे, जिथे "रॅक असतो" असं सांगणाऱ्यांनी "बस बदलली तर खोकं लागेल" हे वाक्य कधीच उच्चारलं नाही. बस निघून गेली. आम्ही दोघी भरलेल्या पॅनियर (सायकलच्या कॅरियरला अडकवायच्या) बॅगा, तंबू आणि सायकली घेऊन फुटपाथवर उभ्या.

मग सुरू झाला फोन. आधी बराच वेळ नुसतं संगीत. एका बाईंनी सांगितलं, खोकं लागतं, पण कुठलंही चालेल. पुन्हा फोन केल्यावर दुसऱ्यांनी सांगितलं, खोक्याला मापाची मर्यादा आहे, पण ती किती हे स्टेशनवर विचारा. स्टेशनवर खिडकी बंद होती. तिसऱ्यांनी सांगितलं, शेवटी ते ड्रायव्हरवर अवलंबून. आणि वर हेही, की आम्ही बसमध्ये चढलो नाही म्हणून आमची तिकिटं बाद! इथे माझा संयम संपला. तुमची बस आम्हाला न घेता गेली आणि तिकीट बाद आमचं? माझी मैत्रीण माझ्यापेक्षा शांत. ती म्हणाली, "तू भांडू नकोस, सुपरवायझर माग." सुपरवायझर मिळाल्यावर तिने एकच मुद्दा लावून धरला: बदली बसला रॅक नव्हता, ही नोंद तुमच्याकडे आहे की नाही? नोंद होती. तिकिटं गुरुवारवर फुकट बदलून मिळाली.

तरी तेवढ्यावर मी फोन ठेवला नाही. खोक्यातली सायकल गुरुवारच्या बसमध्ये घेतली जाईल हे मला ईमेलवर लेखी पाहिजे, असं सांगितलं. "आम्ही असं देत नाही" म्हणाले. मी थांबले. शेवटी दोन ओळींची ईमेल आली, तारीख आणि बसच्या वेळेसकट. सगळ्या प्रवासातली मला सगळ्यात अभिमानाची वस्तू कुठली विचाराल तर ती ईमेल.

खोकी मिळणं त्यामानाने सोपं. सायकलच्या कुठल्याही दुकानात नव्या सायकली खोक्यांतून येतात आणि दुकानदार ती फेकतच असतात. आदल्या दिवशी फोन केला तर बाजूला काढून ठेवतात. सोबत पुढच्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांमध्ये, बसवायचा प्लॅस्टिकचा तुकडाही मागून घ्या, नाहीतर दाब आला की फोर्क वाकू शकतो. मैत्रिणीच्या गॅरेजमध्ये पॅकिंग केलं. पेडल काढायला १५ मिलिमीटरचा पाना. उजवं पेडल नेहमीसारखं सुटतं, डावं उलट्या आट्यांचं असतं, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. हे माहीत नसलं तर माणूस जोर लावून आटे खराब करतो. पुढचं चाक काढून फ्रेमला बांधायचं, मध्ये पुठ्ठा घालायचा. सीट खाली. हँडल सोडवून वरच्या दांडीला समांतर बांधायचं. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडच्या फटीत जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा, कारण चुकून ब्रेक दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग चाक आत जात नाही. सगळे बोल्ट एका पिशवीत घालून ती फ्रेमलाच टेपने चिकटवा. पाने आणि पंप मात्र हातातल्या बॅगेत.

गुरुवारी आलेल्या बसला रॅक होता. ड्रायव्हर म्हणाला, उघड्या आणल्या असत्या तरी चालल्या असत्या! मी काही बोलले नाही. ईमेल दाखवली, त्याने मान हलवली आणि खोकी उचलायला स्वतः हात लावला. बस हलली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

या सगळ्यात सू-मेगचा मुक्काम गेला, त्याची हळहळ अजून आहे. जुन्या नकाशांत ही जागा पॅट्रिक्स पॉइंट म्हणून दिसेल. २०२१ साली तिला तिथल्या मूळ रहिवाशांचं, युरोक लोकांचं, नाव परत दिलं. म्हणून सांगते, पहिला शनिवार गाठायचा असेल तर बेतात एक अख्खा दिवस मोकळा ठेवाच. आमच्याकडे मुक्कामाचा एक दिवस होता म्हणून निभावलं.

अर्काटात खोकी सायकलच्या दुकानात देऊन टाकली. शुक्रवारी पहाटे निघालो, कारण आता साधारण ७० किलोमीटर एका दिवसात मारायचे होते. सुरुवात सुंदर आहे. हॅमंड ट्रेल नावाची गाड्या नसलेली वाट मॅड नदीवरच्या जुन्या लोखंडी पुलावरून जाते. तिथून पूर्वी लाकूड कंपनीची रेल्वे धावायची. पुढे ट्रिनिडाड गावापर्यंत आणि त्यानंतरही बराच भाग हायवेला समांतर असलेल्या आडरस्त्यांनी जाता येतं. मग मात्र १०१ टाळता येत नाही. खाडीसारख्या सरोवरांच्या कडेने चढउतार आहेत, लाकडाचे ट्रक अंगावरून जातात. ताम्हिणीत सायकल चालवलेल्यांना घाबरण्यासारखं काही नाही, पण मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. शिधा ट्रिनिडाडलाच भरा, पुढच्या ओरिक गावात फारसं काही मिळत नाही. वारा बहुतेक वेळा वायव्येचा, म्हणजे आमच्या तोंडावर. बहुतेक टूरवाले उत्तरेकडून दक्षिणेकडे येतात ते यासाठीच. ओरिकच्या पुढे डेव्हिसन ट्रेल धरली की शेवटचा टप्पा पुन्हा हायवेपासून सुटतो.

कॅम्पवर जागा मिळाली. खाण्याचा प्रत्येक कण अस्वलापासून सुरक्षित पेटीत ठेवायचा असतो, अगदी टूथपेस्टसुद्धा. आणि जेवताना सांडलेला चुरा उचलायचा. चुऱ्याच्या मागे 'जे' नावाचे निळे पक्षी येतात, त्यांची संख्या वाढते आणि मग ते मार्बल्ड मरलेट या दुर्मीळ समुद्रपक्ष्याची अंडी खातात. हा पक्षी राहतो समुद्रावर, पण अंडं घालतो या जुन्या झाडांच्या जाड फांद्यांवर. मला हे ऐकल्यापासून बिस्किटाचा तुकडा पडलेला सहन होत नाही.

आणि शनिवार. कॅम्पवरून उत्तरेकडे निघालं की रस्ता ओढ्याच्या कडेने हळूहळू चढतो, भरलेल्या सायकलला त्रास होत नाही. दोन्ही बाजूंना ३०० फुटांच्या आसपास जाणारी झाडं, इतकी जवळ की बुंध्याच्या सालीचे तांबूस धागे सायकलवरून दिसतात. सालीला हात लावला तर ती कोरडी आणि मऊ लागते. गाड्या नसल्या की काय होतं हे तिथे समजलं: एक लहान मुलगी रस्त्याच्या बरोबर मधे, पिवळ्या पट्टीवर पाठ टेकून पडली होती आणि शेंडा शोधत होती. तिची आई शेजारी उभी, घाई नाही. थोडं पुढे बोटाएवढी पिवळीधमक बनाना स्लग, गोगलगाय पण शंख नसलेली, डांबर ओलांडत होती. एरवी तिचं काय झालं असतं ते सांगायला नको.

हे जंगल आपोआप उरलेलं नाही. मूळ जुन्या रेडवूडपैकी जेमतेम पाच टक्के शिल्लक आहे, बाकी कापलं गेलं. १९१८ मध्ये सेव्ह द रेडवूड्स लीग स्थापन झाली, तिने वर्गणी काढून जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली. ज्यांचं नाव रस्त्याला आहे ते ड्रूरी याच लीगचे कार्यकर्ते आणि पुढे राष्ट्रीय उद्यान सेवेचे संचालक झाले. असा रस्ता महिन्यातून एकदाच का मोकळा ठेवतात, रोज का नाही, हा माझा प्रश्न कायम आहे.

पार्कवेच्या उत्तर टोकाला कोस्टल ड्राइव्ह लागतो. दरडी कोसळल्यामुळे त्याचा एक तुकडा गाड्यांना बंदच आहे, सायकलींना नाही. खडी आहे, त्यामुळे टायर जरा रुंद हवेत. पण डावीकडे सरळ समुद्र, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धातलं रडार केंद्र, शत्रूला कळू नये म्हणून शेतघरासारखं बांधलेलं. जाण्याआधी रस्त्याची स्थिती उद्यानाच्या केंद्रात विचारा, तिथल्या दरडी दरवर्षी नकाशा बदलतात. वाटेत एल्क या मोठ्या हरणांचा कळप आडवा आला तर थांबा. तो जाईपर्यंत घंटीसुद्धा वाजवू नका.

परतीला मी बसचं नावच काढू दिलं नाही. अर्काटाजवळचा विमानतळ मॅकिनलीव्हिलला आहे, तिथून एकेरी भाड्याची गाडी घेतली. मागची सीट पाडून, पुढची चाकं काढून दोन सायकली आरामात मावल्या. गाडी दुसऱ्या शहरात सोडण्याचा जादा आकार वेगळा लागतो. तो बुकिंग करतानाच विचारून घ्या, आणि उत्तर ईमेलवर मागा.