साप जिभेने वास घेतो

आज बराच वेळ एका धामणीकडे पाहत उभा होतो, अर्थात लांबूनच. तिची जीभ सारखी आतबाहेर. लोकांना वाटतं ती चिडलीय, आता चावणार, आणि तेवढ्यावर काठी उचलली जाते, याचं मला फार वाईट वाटतं. ती फक्त वास घेत असते. हवेतले, जमिनीवरचे गंधकण दुभंगलेल्या जिभेवर चिकटतात आणि तोंडात, टाळूवर असलेल्या, गंध ओळखणाऱ्या जेकबसन इंद्रियापर्यंत पोचतात. जिभेची दोन टोकं दोन बाजूंचा गंध वेगवेगळा टिपतात, म्हणून भक्ष्य डावीकडे गेलं की उजवीकडे, हे तिला कळतं.

बाहेरून कान दिसत नाहीत म्हणून सापाला बहिरा म्हणणंही चूक. आतला कान असतोच; जमिनीची थरथर जबड्याच्या हाडातून तिथे पोचते, हवेतले खालच्या पट्टीचे काही आवाजही जाणवतात. डोळ्यांना पापण्या नाहीत, वर पारदर्शक खवला. कात टाकण्याआधी तो दुधाळ होतो आणि नजर धूसर.

पण मला सगळ्यात थक्क करतो तो चापडा हा विषारी साप. त्याच्या डोळा आणि नाकपुडीमधल्या खाचेत एक अतिशय पातळ पडदा असतो. उंदराच्या अंगातली ऊब तो गडद अंधारातही टिपतो. (बऱ्याच अजगरांच्या ओठांवरही अशा खाचा असतात.) आणि ही माहिती मेंदूत डोळ्यांकडून आलेल्या चित्राशी जोडली जाते. म्हणजे त्याला ऊब जवळजवळ दिसतेच! ते दिसणं नेमकं कसं असेल, दिवसभर डोक्यात हेच चालू आहे.